हिरडीला मिशरी

सुई हिरडीत असतानाच माझ्या धाकट्या बहिणीचे डोळे फिरले. अंग गार पडलं आणि ती डॉक्टरांच्या कोटावर भडाभडा ओकली. डॉक्टरच घाबरून भिंतीला टेकले. त्यांना वाटलं, आपल्या औषधानेच पोर चालली.

किडक्या दाढेची सूज डोळ्यापर्यंत चढली होती, म्हणून वडिलांनी तिला बैलगाडीत घालून नगरला आणलं होतं. आज दाढ निघाली नाही तर पोरीचं खरं नाही, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं.

"हिला काय खायला घातलंत?" त्यांनी विचारलं.

सोबत आलेली आत्या पदराआडून बोलली, "खायला कुठं? भाईर नंबराची वाट बघताना म्या चिमूटभर मिशरी चोळली हिरडीला. सुई दुखू न्हाई म्हनून."

"आक्का, हिरडी बधिर करायची व्हती का पोर?" वडील कडाडले.

जाळलेल्या तंबाखूची ती काळी पूड आमच्या बायका रोज दाताला लावत, आणि कशावरही तेवढंच औषध त्यांना ठाऊक. पण डॉक्टर तरी कुठे शहाणे? सुई पाठीमागे लपवून "मुंगी चावेल" म्हणाले होते. एवढं शिकून शेवटी मुंगीच!

तासाभराने बहीण सावरली. चूळ भरून डॉक्टरांना म्हणाली, "आता खोटं बोलू नका. टोचायच्या आधी सांगा."

"दुखेल," ते वरमून म्हणाले आणि सावकाश टोचलं. तिने माझं मनगट आवळलं.

दाढ निघाली. बहीण जगली, अजून आहे.