डोमाजींना कोणी विचारलं?

रिकाम्या पोत्यांवर नुसती पाठ टेकायची, झोपायचं नाही, असं अनसूया निखाडे स्वतःला बजावते आहे आणि बजावता बजावताच तिचे डोळे जड होत आहेत. भर दुपार आहे. बोरझरीत नेहमीप्रमाणे लाइट गेली आहे आणि तिची पिठाची चक्की मध्येच थांबली आहे. या गावाच्या पोटातून निघालेला कोळसा नदीपलीकडच्या वीज केंद्रात जळतो, तिथली वीज कुठल्या कुठे जाते, आणि बोरझरीकडे राख तेवढी न चुकता येते. कोणाचंतरी अर्धवट दळलेलं दळण डब्यात तसंच पडून आहे.

चार वाजता ग्रामसभा आहे. गायरानावर बचत गटाच्या बायकांनी सोलर प्लांट उभा करायचा, त्यावर नळाचा पंप, अंगणवाडी आणि ही चक्की चालवायची, असा ठराव अनसूयेनं मांडायचा आहे. तिनं मांडला नाही तर दुसरं कोणी मांडणार नाही, हे तिला माहीत आहे आणि कोळसा कंपनीलाही माहीत आहे. कंपनीला तेच गायरान हवंय, खाणीतून उपसलेली माती टाकायला. कंपनी दांडगाई मुळीच करत नाही. ती फार गोड वागते. गणपतीला मंडप देते, कबड्डीला ढाल देते. तिच्या कॅन्टीनमध्ये फुकट चहा पिऊन येणारी पोरं मात्र गल्लोगल्ली सांगत फिरतात, की सोलरच्या काचा ढग पळवून लावतात आणि म्हशी आटतात. काल कंपनीचे बारापात्रे साहेब स्वतः घरी आले. "ताई, मोरेश्वरभाऊंचं आमच्या डंपरवरचं कंत्राट याच महिन्यात वाढवायचंय ना? बघा, तुम्ही समजदार आहात," एवढंच बोलले, चहाची तारीफ केली आणि गेले. मोरेश्वर म्हणजे अनसूयेचा नवरा. तो ‘ठराव मांडू नको’ असं काही म्हणाला नाही. म्हणाला असता तर ती निदान कडकडून भांडली असती.

आणि आज सकाळी चौकात फ्लेक्स लागला. ‘कोळसा आमची शान’. त्यावर डोक्यात पिवळंधमक हेल्मेट घालून कोण हसतंय, तर तिचे सासरे डोमाजी निखाडे. जन्मभर जुन्या भुयारी खाणीत राबलेले, छातीच्या आजारानं गेलेले. अनसूया त्या फ्लेक्ससमोरून मान खाली घालून आली. हे घर कोळशावर उभं राहिलं. आपण खाल्ल्या मिठाला जागत नाही की काय, हा एकच विचार सकाळपासून तिचं डोकं खातोय. तिच्या पापण्या मिटतात.

लाइट आलेली नाही, तरी चक्कीचा पट्टा आवाज न करता फिरतो आहे. कोपऱ्यात कोणीतरी खाकरतं. दळणाच्या डब्यावर डोमाजी बसले आहेत, पाय हलवत, बाजारातून नुकतेच आल्यासारखे. अनसूया धडपडत उठते आणि डोक्यावर पदर ओढते. सवय ती सवय, स्वप्नातही सुटत नाही.

"मामाजी, तुमी?"

"माहं तोंड कोणाले इचारून लावलं वो चौकात?"

"मले नाई इचारलं. रातच्यातच लावून गेले."

"अन् ते पिवळं हेल्मेट?" डोमाजी कपाळाला हात लावतात. "असं हेल्मेट मले जनमात भेटलं नाई. माहं तडकलेलं होतं. तारेनं बांधून घालत जाओ. नवं मागता मागता रिटायर झालो. आता मेल्यावर देल्लं बापा कंपनीनं!"

ते खदखदून हसतात. आता खोकला येईल म्हणून अनसूया सवयीनं पाण्याचा गडू शोधते. पण खोकला येत नाही. ती वाट पाहत उभी राहते, तरी येत नाही. तिला भरून येतं.

गडू घ्यायला ती वाकते तर पायाखाली चक्कीची फरशी नाही, चौकातली काळी धूळ आहे. फ्लेक्स समोरच आहे. त्यावरचे डोमाजी गेले आहेत आणि हेल्मेट तेवढं जागच्या जागी उरलं आहे, खाली डोकं नसताना. फ्लेक्सखाली बारापात्रे साहेब पांढऱ्या शर्टात चहा वाटताहेत. प्रत्येकाच्या हातात कप देऊन ते म्हणतात, "तुम्ही समजदार आहात." एक बकरी येते. तिलाही तेच सांगतात.

डोमाजी चहा घेत नाहीत. धोतराचा सोगा सावरत ते पुढे चालू लागतात, अनसूया मागे.

"मामाजी, तुमी रागावले ना माह्यावर?"

"काऊन?"

"तुमीच म्हणत होते, उन्हात पापड वाळतात, गाव नाई चालत."

"म्हणत होतो. मले तवा तसंच वाटे." ते थांबतात आणि तिच्याकडे वळून पाहतात. जिवंतपणी सुनेकडे असं सरळ पाहून ते कधी बोलले नव्हते. "सूनबाई, कोळशानं मले खाऊ घातलं. मीनंबी त्याले माह्या छातीत जागा देल्ली. आमचं दोघायचं झालं बरोबर. तुह्या डोक्यावर त्याचं काई बाकी नाई."

सकाळपासून छातीवर बसलेला दगड जरासा हलतो. पण हलतो तेवढाच. मिठाचा प्रश्न सुटला तरी मोरेश्वरच्या कामाचा सुटलेला नाही.

चौकातला रस्ता उताराला लागतो आणि उतरतच राहतो. डोक्यावरचं आभाळ खाली येता येता काळं, खडबडीत छत होतं. दोन्ही बाजूंना लाकडाचे टेकू उभे आहेत आणि सगळा भार त्यांच्या डोक्यावर आहे. अनसूया खाणीत कधी उतरलेली नाही. बायकांना खाली नेतच नसत. तरी तिला इथलं सगळं ओळखीचं वाटतं, कारण टेकूंच्या मधोमध ग्रामपंचायतीच्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या आहेत आणि त्यांवर सगळं गाव बसलं आहे. सरपंच जांभई देतात. बचत गटाच्या बायका एकमेकींच्या कानाला लागल्या आहेत. मोरेश्वर मांडीवर जेवणाचा डबा घेऊन एकटाच मागच्या खुर्चीवर बसला आहे.

डोमाजी एका टेकूला कान लावतात. "ये. आयक."

ती कान लावते. लाकडाच्या आत बारीक कुरकुर चालू आहे, झोपेत कोणी दात खावेत तशी.

"लोखंड मुकाट्यानं वाकते," डोमाजी म्हणतात. "लाकूड मोडाच्या आंधी सांगते. आयकू आलं?"

"आलं."

"मंग ओरड."

"मी?" अनसूया दचकते. "साहेब हायेत ना इथं."

बारापात्रे साहेब छताकडे बॅटरी मारून बघताहेत. "एकदम सेफ आहे, ताई. बसा तुम्ही."

"खाली एकच कायदा होता," डोमाजी म्हणतात. "ज्याच्या कानावर पयलं येईन, त्यानं ओरडाचं. मंग तो मुकादम असो का कालचा भरती झालेला असो. कोणाच्या तोंडाकडं पाहाचं नाई."

"अन् छत नाई पडलं त?" अनसूयेचा आवाज चढतो. महिनाभर कोणापाशी न बोललेलं सगळं आता भसाभस बाहेर येतं. "माहंच चुकलं त, मामाजी? प्लांट बंद पडला, इकडं तुमच्या लेकाचं काम गेलं, त सारं गाव हासन मले. म्हणन, चक्कीवालीले लीडर व्हाचं होतं."

डोमाजी तिच्यासमोर उकिडवे बसतात. घाई त्यांना कधीच नव्हती, आणि आता तर मुळीच नाही.

"एक डाव मी ओरडलो. सारी टोळी पळत बाहीर. पाळी बुडाली. अन् छत? छताले काईच झालं नाई. दोन दिवस तसंच्या तसं. साहेब मले बम बोलला. पण आमच्या टोळीतलं एक माणूस हासलं नाई. मल्लय्यानं आपल्या डब्यातली अर्धी भाकर मले देल्ली. म्हणे, उद्याबी कान उघडेच ठेव रे डोमा." ते गुडघ्यावर हात ठेवून उठतात. "ओरडणाऱ्याले कोणी हासत नसते, सूनबाई. एकाले हासलं की पुढच्या डावाले कोणी ओरडत नाई. मंग सारेच दबतात."

कुरकुर वाढते. आता कान लावायचीही गरज नाही. मोरेश्वरच्या डोक्यावरून बारीक माती गळते, त्याच्या खांद्यावर, डब्यावर. तो ती झटकतो आणि बसून राहतो. हा माणूस असाच बसून राहील, हे अनसूयेला लख्ख कळतं, आणि तिला त्याचा इतका राग येतो आणि इतकी माया वाटते की दोन्ही वेगळं करता येत नाही.

"कसं ओरडाचं?"

"गळ्यातून नाई. पोटातून. पयलं अक्षर तोडाचं, दुसरं सोडून द्याचं लांब, जाईन तिथलोग."

ती तोंड उघडते. आवाज निघत नाही. घशात पीठ बसलं आहे. बारापात्रे साहेब तत्परतेनं कप पुढे करतात. "चहा घ्या ताई, घसा मऊ होईल."

अनसूया तो कप त्यांच्या हातून उडवते. पाय रोवते. पोटात हात घालून काढावा तसा आवाज वर काढते.

"निघाऽऽऽ!"

चक्की बंद आहे. पट्टा जागच्या जागी लोंबतो आहे. अनसूया पोत्यांवर ताठ बसली आहे आणि तिचा घसा आतून सोलवटल्यासारखा जळतो आहे. ती आवंढा गिळते तर डोळ्यांतून पाणी येतं. आपण खरंच ओरडलो की काय, हा विचार पुरता व्हायच्या आत तिला बाहेर पायांचे आवाज ऐकू येतात.

ती दारात येते. रणरणत्या उन्हात अख्खी गल्ली घराबाहेर उभी आहे. कोणाचे हात कणकेनं भरलेले, कोणी उशीवरून तसंच उठून आलेलं. आणि सगळ्यांच्या पुढे म्हातारे मल्लय्या. डोमाजींच्या टोळीतले आता तेवढे एकटेच उरलेत. हात धरल्याशिवाय खाटेवरून उठत नाहीत, असं त्यांची सून रोज सगळ्यांना सांगते. ते उघड्या अंगानं, अनवाणी उभे आहेत. एका काखेत नात, दुसऱ्या हातात बायकोचं मनगट घट्ट धरलेलं. छातीचा भाता नुसता वरखाली होतो आहे.

"तसा तो डोमाच ओरडायचा," ते धापा टाकत म्हणतात. मग अनसूयेकडे बघतात. "तुला कोणी शिकवलं?"

अनसूयेच्या अंगावर काटा येतो. सांगून कोणाला पटणार?

"छत कोणतं पडतंय?" मल्लय्या विचारतात.

गल्लीतलं कोणी हसत नाही. मोरेश्वर घराच्या पायरीवर उभा आहे, डंपरची किल्ली मुठीत धरून. अनसूया त्याच्याकडे बघते. तो नजर चुकवत नाही. तिच्याकडे बघत बघत तो पायरी उतरतो आणि मल्लय्यांच्या शेजारी येऊन उभा राहतो.

अनसूया खाकरते. आवाज फाटलाय, पण तो पोटातून येतो.

"ग्रामपंचायतीचं," ती म्हणते. "चार वाजत आले. आता बाहेर आलेच, त चला सारेच."

कणकेचे हात पदराला पुसले जातात. मल्लय्या नातीला खाली ठेवत नाहीत. तसेच, तिला काखेत घेऊन, सगळ्यांच्या पुढे चालू लागतात.