गच्चीवर पाहिलेलं

"कागद बोलते भाऊ, मी नाही बोलत."

पांढुर्ण्याच्या आरोग्य विम्याच्या कचेरीत शालिकराम साहेब हे वाक्य दिवसातून दहादा म्हणत. दावा नामंजूर झालेला माणूस टेबलावर हात टेकून उभा राही, आणि साहेब चष्मा पुसत एवढंच बोलत. ते शाखेचे प्रमुख. लाच त्यांनी कधी घेतली नाही. बोलणं मऊ, कपडे धुतलेले. त्यांच्या हाताखालच्या आम्हा कारकुनांना त्यांचा अभिमान होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जाम नदीत गोटमार होते. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, मधे पळसाचं झाड, आणि दोन्हीकडून दगड. त्या दिवशी साहेब सावरगावात माझ्या घरी जेवायला होते. जेवून आम्ही गोटमार बघायला गच्चीवर गेलो. शेजारचा सुखदेवही तिथंच, आपल्या लेकीला, प्रणालीला, खांद्यावर घेऊन आमच्यापासून तीन हातांवर उभा होता. एक गोटा भरकटून वर आला. सुखदेव पोरीला खाली ओढून तिच्यावर वाकला, आणि गोटा त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला.

दोन दिवसांनी साहेब नागपूरच्या दवाखान्यात चौकशीला गेले. मी सोबत होतो. खाटेभोवती सावरगावचे चार गडी बसलेले. साहेबांनी छापील प्रश्न वाचला, "गोटमार खेळत होते काय?"

नुसता गच्चीवरून बघत होतो आणि डोळा गेला, असं आमच्याकडचा कोणता गडी चारचौघांत सांगेल? सुखदेव पट्टीखालून हसला. "मंग काय, बांगड्या भरून बसलो होतो?"

"सावरगावचा वाघ हाय, साहेब!" एक गडी म्हणाला.

साहेबांनी ते तसंच लिहिलं आणि खाली सुखदेवची सही घेतली. जाणूनबुजून धोक्यात शिरणाऱ्याला विमा मिळत नाही, असा कंपनीचा नियम.

परतताना मी म्हणालो, "साहेब, आपण तं पाहिलं होतं."

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. कमी दावे मंजूर करणाऱ्या शाखेचा भोपाळच्या मुख्य कचेरीत सत्कार होणार होता, हे मला मागाहून कळलं. मी पुन्हा विषय काढला नाही.

दावा नामंजूर झाला आणि सुखदेवचं पुढचं ऑपरेशन थांबलं. चिडून कोणीतरी कचेरीची काच फोडली. चार दिवसांत भोपाळच्या वरिष्ठांनी कॅमेरे लावले, साहेबांना कोणी ओळखू नये म्हणून त्यांच्या नावाची पाटी उतरवली, आणि हेमंत नावाचा बंदूकवाला गार्ड दारात उभा केला. घरी रोज वेगळ्या रस्त्यानं जा, असा हुकूमही आला. पांढुर्ण्यात रस्ते ते किती!

मग एका दुपारी सुखदेवची बायको मालती आली. मी आत बसलो होतो. हेमंतनं दारातच तिची पिशवी रिकामी केली. नागपूरचे कागद निघाले, आणि फडक्यात भाकर.

"साहेबाच्या जिवाले धोका हाय, बाई."

"भाकर फेकून मारीन काय रे, भाऊ?"

आत येऊन ती उभीच राहिली. "डॉक्टर म्हणते, महिन्याच्या आत फुटका डोळा काढला नाही तं चांगला बी जाईल. यायनं लोकायसमोर फुशारकी मारली, मले समजते. पन साहेब, प्रणाली म्हणते, ते काका आपल्या बाजूलेच उभे होते."

साहेबांनी चष्मा काढला. रोजचं वाक्य काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

ती गेल्यावर त्यांनी कोरा कागद घेतला. 'मी स्वतः त्या गच्चीवर होतो. सुखदेव खेळत नव्हता, लेकीला वाचवत होता. हे माहीत असून मी त्याचं खोटं उत्तर खरं म्हणून पाठवलं.' सही करून त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. खाली साक्षीदार म्हणून मीही सही केली. सगळं पाहून मीही गप्प बसलो होतो, हे मात्र मी त्यावर लिहिलं नाही, याची मला आज लाज वाटते.

कागद भोपाळला पोचताच फोन आला. आवाज मलाही ऐकू येत होता. "दावा आता पुन्हा उघडावा लागेल. तुमची खुर्ची गेली समजा. लोक फाडून खातील तुम्हाला. गार्डशिवाय बाहेर पडू नका!"

"लोकायची भीती मले कधी नव्हतीच, सर," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

दारात त्यांनी हेमंतच्या खांद्यावर हात ठेवला. "तू इथंच थांब. सुखदेवच्या घरी जाऊन येतो. मी काय केलं ते त्याच्या तोंडावर सांगाचं हाय."

"एकटेच, साहेब?"

साहेब पायऱ्या उतरले. भर उन्हात, उघड्या डोक्यानं, ते सावरगावच्या पुलाकडे चालू लागले. हेमंत पायरीवर उभा राहून बघत होता. मीही बघत होतो. जायचं होतं माझ्याच गावाला, पण माझे पाय काही त्यांच्यासोबत निघाले नाहीत.