गिरणीवरच्या गिटारी

घाबरट माणसं दर रविवारी एकत्र बसली की किस्से आपोआप साचतात. गिरणीच्या भिंतीवर पीठ साचतं ना, तसे. कोणी मुद्दाम साठवत नाही. एखाद्या दिवशी हात लागला की कळतं, अरे बापा, एवढं!

आमचा क्लास होताही पिठाच्या गिरणीवरच, अकोल्यात, जठारपेठेत. वरच्या खोलीत विलास सर गिटारवर स्वतःची गाणी रचायला शिकवायचे. सर म्हणजे लग्नाच्या ऑर्केस्ट्रातले जुने गिटारवाले. शिकणारे आम्ही तिघं. कापसाच्या जिनिंगमध्ये मशीन चालवणारा अकोटचा मंगेश, शाळेत मराठी शिकवणाऱ्या संध्याताई, आणि कोर्टात वकिली करणारा मी. दुसऱ्याचं गाणं चुकलं तर लोक हसतात, संपलं. पण स्वतःचं गाणं म्हणजे आपल्या पोटातलं सगळ्यांना कळणार! धास्ती होती ती याचीच.

*

पहिल्या दिवशी मी चंद्रावर गाणं लिहून नेलं. एकदम सेफ विषय! चंद्र काही अब्रुनुकसानीचा दावा लावत नाही.

सरांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "वकीलसाहेब, हा चंद्र तुमी शेवटचा कदी पाह्यला?"

मी वहीचं पान उलटलं.

"म्हंजे साक्षीदारानं काईच पाह्यलं नाई, अन् तुमी त्याले पिंजऱ्यात उभं करून राह्यले!"

"मग काय लिहू, सर?"

"ज्याचं भेव वाटते, ते लिवा."

आठवडाभर मी एक ओळ लिहिली नाही. सुरुवात कुठून करावी तेच ठरेना!

*

मंगेशला जगात एकाच गोष्टीची भीती. एफ कॉर्ड! त्यात पहिलं बोट आडवं टाकून साऱ्या तारा एकदम दाबाव्या लागतात. रुईच्या गाठी लोटणारा हा गडी, पण एफ जवळ आला की कपाळावर घाम. मग त्यानं युक्ती काढली. एफ आला की बरोबर त्या जागी खोकायचं. ठसका असा अस्सल, की खालून गिरणीवाला पाणी घेऊन धावायचा.

शेवटी सर म्हणाले, "मंगेश, डॉक्टरले दाखव बाप्पा एकदा."

"दाखवलं न सर. ते म्हणे, छाती साफ हाय. एफ सोडा!"

*

संध्याताईंनी गाणं लिहिलं ते सासूबाईंवर. सासूबाई हिवरखेडच्या. त्यांनी नुसतं "कोण हाय?" विचारलं तरी पोस्टमन दोन पावलं मागे सरकायचा. घर लहान. म्हणून ताई स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन लावायच्या आणि त्याच्या घरघरीत हळूच सराव करायच्या.

एके दुपारी लाइट गेली. फॅन थांबला, ताई थांबल्या नाहीत! "भरल्या घरात म्हणे, माणसांत मीठ नाही..."

"संध्या!"

ताई लपवायला जागा शोधू लागल्या. गिटार काही फ्रिजमध्ये मावत नाही. सासूबाई दारात येऊन उभ्या.

"मी असं कदी म्हतलं?"

ताईंनी गिटार पाठीमागे धरली.

"भाजीत मीठ नाई, म्हतलं होतं मी. माणसात मीठ नाई, असं कावून लिवलं?"

ताई म्हणतात, त्या क्षणी माहेरची बस डोळ्यांपुढे आली. सासूबाईंनी ती ओळ पुटपुटून पाहिली. मग वळता वळता म्हणाल्या, "राहू दे. हेच खरं हाय."

*

अमरावतीत एका छोट्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम ठेवला. पहिला नंबर माझा. मी खुनाच्या केसमध्ये तासभर बोललेला माणूस! पण स्टेजवर बसलो, तोंडावर लाइट आला, आणि माझं स्वतःचं, स्वतः लिहिलेलं गाणं डोक्यातून साफ पुसलं गेलं. समोर लोक, सगळे माझ्याकडे पाहत.

तोंड उघडलं आणि सवयीनं बाहेर पडलं, "साहेब, पुढची तारीख मिळावी!"

हॉल हसून लोळला. मागच्या रांगेतून आवाज आला, "मंजूर!"

*

त्यानंतर सरांचा आवाज बसू लागला. आम्हाला वाटलं, पिठाची धूळ. मग नागपूरला तपासणी झाली. स्वरयंत्रात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, आवाज राहणार नाही.

सरांनी हे रविवारी क्लासमध्येच सांगितलं, घोगऱ्या आवाजात. खाली गिरणी चालू होती. संध्याताई रडायला लागल्या. मंगेशनं विचारलं, "सर, तुमाले भेव नाई वाटत का?"

"वाटते न बे! काल देवळात गेल्तो. देवाले काय मागावं तेच सुचेना. नुसतं 'हॅलो चेक, हॅलो चेक' म्हणून आलो!"

आम्ही हसलो. मग कोणीच कोणाकडे पाहिलं नाही.

*

ऑपरेशनच्या आधी सरांनी मला एकट्याला घरी बोलावलं. एका नव्या गाण्याचं धृपद आणि एक कडवं शिकवलं. लिहू दिलं नाही, ऐकून पाठ करायला लावलं. आवाज फाटत होता, तरी पुन्हा पुन्हा म्हणत होते. निघताना म्हणाले, "कोणाले सांगू नोका."

काही महिन्यांनी सर पुन्हा क्लासला आले. गळ्याला मफलर. काही न बोलता गिटार उचलली आणि सुरू केलं. चाल ओळखीची! म्हणू की नको? सांगू नको म्हणाले होते. सरांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली.

मी घाबरत घाबरत म्हटलं. धृपदाला मंगेशचा आवाज मिसळला, संध्याताईंचाही! मी चमकून पाहिलं. पुढचं कडवं मंगेशनं घेतलं. ते मी कधी ऐकलेलं नव्हतं. त्याच्या पुढचं ताईंनी घेतलं. तेही नवीन.

मग धृपद झालं आणि सर थांबले नाहीत. पुन्हा कडव्याची चाल सुरू झाली. मी मंगेशकडे पाहिलं, मंगेशनं ताईंकडे, ताईंनी माझ्याकडे. कोणालाच येत नव्हतं.

सरांनी डोळे मिटले होते. हात चालू होता. ओठ हलत होते, ओळीमागून ओळ, कुठं घाई नाही, कुठं चूक नाही.

कडवं संपलं. सरांनी डोळे उघडले, आणि धृपद घ्या म्हणून मान हलवली.