आम्ही सगळे थांबलो होतो

भास्करदादा जात होता तेव्हा आम्ही एक्याऐंशी जण त्याला ऐकत होतो.

मागचा रविवार. सकाळी सात चाळीसला त्याचा व्हॉइस मेसेज आला.
दुपारी चारला त्याची बहीण शोभाताई पाचोडहून आली. दार उघडेना, म्हणून शेजाऱ्यांनी कडी तोडली.
पाच वाजता डॉक्टर म्हणाले, ब्रेन स्ट्रोक. सकाळीच आणलं असतं तर.
वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

आज आठवडा झाला.

मी फोन उचलत नाही, मेसेजच करतो, यावरून तुमच्यापैकी अनेकांनी माझी चेष्टा केली आहे. ऑफिसात मला शांत समजतात.
मी शांत नाही. मी अडखळतो.

दादा मला स्पीच थेरपिस्टच्या बाहेरच्या बाकावर भेटला. वाळूजच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला होता, पडेगावात एकटा राहायचा. आत जाऊन आला आणि अडकत अडकत म्हणाला, "मॅडम माझं वाक्य स्वतःच पूर्ण करती. ते तर आमचा साहेब बी करतो, फुकटात."

तिथंच फोरम ठरला. अडखळणाऱ्यांचा, मराठीतला. लिहायचं नाही, बोलायचं.
वेबसाइट मी बनवली. नाव त्यानं ठेवलं, 'सावकाश'.

नियमही त्याचेच.
दर रविवारी प्रत्येकाचा एक व्हॉइस मेसेज.
कुणाचं वाक्य कुणी पूर्ण करायचं नाही. "काय झालं?" असं विचारायचं नाही. समोरचा अडकला की थांबायचं.

पहिले चार महिने नऊ सभासद होते. त्यातले सात गप्प.

"हे मेंबर हायेत का भिंतीवरच्या पाली? नुसतं बघतेत."

मी म्हणालो, दादा, ऐकत असतील.

"ऐकतेत का उठून गेले, मला कसं कळावं रे?"

म्हणून मी एक बटण बनवलं. उंचावलेला हात. कुणी अडकला की बाकीच्यांनी ते दाबायचं. अर्थ एवढाच: सावकाश, आम्ही थांबलोय.

फोरम त्या बटणानं वाढला. बोलायची हिंमत नसलेले लोक हात दाखवायला लागले. मग हळूहळू बोलायलाही लागले. दादा रोज सकाळी सभासदांचा आकडा बघायचा. शंभर झाले की सगळ्यांना पडेगावला घरी जेवायला बोलावणार होता.

"अन् तू," मला म्हणायचा, "मॉलमधी जाऊन पोहे उचलतो. मुका व्हायला जातो तिथं. किराणा दुकानात जाऊन तोंडानं माग एकदा."

प माझ्या तोंडात हमखास अडकतो. पोहे, पडेगाव, प्रशांत. स्वतःचं नावसुद्धा.

"अडकलो तर?"

"अडक की. दुकानदार काय पळून चाललाय?"

रविवारचा तो मेसेज एक मिनिट अठरा सेकंदांचा आहे.

दादाचा प्रत्येक मेसेज "जय भीम"नं सुरू व्हायचा आणि तो दर वेळी ज वरच अडकायचा. आम्हाला ते पाठ होतं.
या वेळीही ज आला. मग नुसता श्वास. शेवटी स्टीलचा ग्लास पडल्याचा आवाज.
मला वाटलं, चिडला असेल.

पहिला हात मी दाबला. सात एक्केचाळीस.
खाली लिहिलं, "सावकाश दादा."

माझ्या घरापासून पडेगाव स्कूटरवर दहा मिनिटं आहे.

दुपारपर्यंत एक्याऐंशी हात झाले. फोरमवर इतके लोक एकाच वेळी कधीच सहभागी झाले नव्हते. कधीही न बोललेल्यांनीसुद्धा दाबले. दोन वाजता मी त्याला लिहिलंसुद्धा, "आकडा बघितला का?"

बोलायचं बटण वेगळं. ते दाबून धरलं की रेकॉर्डिंग चालतं आणि सोडलं की मेसेज जातो. हे मीच तसं बनवलंय.
त्यानं तो मेसेज पाठवला नव्हता. त्याचा हात सुटला होता.

अंत्यविधीला फोरमवरचे चाळीसेक जण आले. त्याच्या अंगणात सगळे पहिल्यांदाच भेटत होते. त्रिशरण-पंचशील झालं. सोबत म्हणताना आमच्यापैकी कुणीच अडकत नाही, हे त्यानंच शिकवलं होतं. कुणी अडकलं नाही.

मग शोभाताईनं मला विचारलं, "तुम्ही ऐकत व्हते ना?"

मी मान हलवली.

"एवढी मानसं ऐकत व्हती. एकाला बी वाटलं नाय का, जाऊन बघावं?"

मला उत्तर द्यायचं होतं. सुरुवातच होईना. ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि आत गेली.

या आठवड्यात बातमी पसरली आणि नवीन अर्ज आले. सभासद एकशे सहा झाले.

आज सकाळी सोयगावच्या एका ताईंचा पहिला मेसेज आला. स्वतःच्या नावावर अडकल्या. पंधरा सेकंद काहीच नाही.
एकानंही हात दाबला नाही.
मी नियम मोडून लिहिलं, "ताई, बऱ्या आहात ना?"

त्यांनी लगेच लिहून कळवलं. "बरी आहे. नाव सांगत होते. असं घरचे विचारतात, म्हणून तर इथं आले."

हाताचं बटण मी काढून टाकलेलं नाही. ठेवू का, तेही कळत नाही. ज्याला विचारायचं तो नाही.

दादा, जय भीम. लिहिताना अडकत नाही, म्हणून इथं लिहिलं.

सकाळी ताईंच्या उत्तरानंतर मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. प वर अडकलो.
दुकानदार थांबला नाही. "काय, पोहे का? बरं वाटत नाय का तुम्हाला? बसता का?"

माझं वाक्य पूर्ण करणाऱ्याचा पहिल्यांदाच मला राग आला नाही.

घरी आलो. पोहे चाळले, भिजवले. एकट्यापुरते.