सय्यद सरांची उशिराची नोंद

सय्यद सर गेल्याचा फोन ड्युटीवरच आला. तो ठेवला आणि समोरच्या विमानाला उतरायची परवानगी दिली. आवाज हलला नाही... तसं बोलायला त्यांनीच शिकवलं होतं. रडू नंतर जिन्यात आलं. त्याला आता दीड महिना झाला.

आपल्या शहराकडे येणाऱ्या विमानांच्या वाटेत लष्कराच्या सरावाचा एक पट्टा आहे. सराव चालू असला की विमानं त्याला वळसा घालून आणायची, हे टॉवरमध्ये आमचं काम. पायलट कुरकुरायचे. सर माइक बंद करून म्हणायचे, "त्याला म्हणावं, दौलताबादचा किल्ला बघत ये. तिकीट नाय लागत." माणूस गमत्या, पण कामात सूतभर सूट नाही. मी नवी होते, मला त्यांचा रागच यायचा.

एका सकाळी अकराच्या सुमारास हैदराबादच्या विमानाने सरळ येऊ का म्हणून विचारलं. लष्कराकडून आलेल्या लेखी सूचनेत सराव संपण्याची वेळ पावणेनऊ होती. मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि हो म्हटलं. आमच्या सूचनांमधल्या वेळा ग्रीनविचच्या असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. हे घोकून पाठ केलेलं, आणि ऐन वेळी विसरले. सराव दुपारी सव्वादोनपर्यंत होता! सर शेजारीच होते. ओरडले नाहीत. "वळव त्याला. आत्ता," एवढंच म्हणाले. विमान पट्ट्यापासून दूर होतं. ते वळलं, सुखरूप उतरलं. प्रवासी पिशव्या सावरत बाहेर पडताना काचेतून दिसत होते.

कुणाला काही कळलं नव्हतं. सरांनी नोंदवही पुढे सरकवली. "लिहिलंस तर माइक जाईल, कदाचित कायमचा. नाय लिहिलंस तर मी बोलणार नाय. तुझं तू बघ."

मी लिहिलं. माइक गेला, म्हणजे विमानांशी बोलायची परवानगी काढून घेतली; महिन्याने परत मिळाली. तो महिनाभर सर सुट्टीच्या दिवशीही येऊन मला पहिल्यापासून शिकवत राहिले. आज मी त्या खुर्चीत आहे ती त्यांच्यामुळे. हे त्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही, याची चुटपुट आहे.

गेल्या आठवड्यात उस्मानपुऱ्यात सरांच्या घरी त्यांच्या बायकोला, भाभींना भेटायला गेले. त्यांनी कपाटातून एक कागद काढला. "तू लिहिलंस ना, त्या दिवशी हे जेवलेच नाय बघ. म्हणले, पोरीत हिंमत हाय, माझ्यात नव्हती. मग हे लिहून साहेबाला दिलं. रिटायरमेंट तोंडावर आलती. मी म्हणलं, कशाला आता? ऐकतात व्हय!"

ती सरांच्या अर्जाची नक्कल होती. तरुणपणी हीच चूक त्यांच्या हातून झाली होती. विमान पट्ट्याच्या कडेने निघून गेलं होतं आणि त्यांनी ते लपवलं होतं... खाली त्यांच्या ठसठशीत अक्षरात होतं, 'आज वर्षा जाधव यांनी जे केले, ते मी तेव्हाच करायला हवे होते.'

मला पुढचं दिसेना. कागद घडी करून परत द्यायला लागले, तर भाभींनी माझा हात मागे ढकलला.

"ठेव तुझ्यापाशी. ह्यात तुझं नाव हाय."