लालबागची खोली आणि परदेशातले बोंबील

मालन राऊळ सत्तरीला आली तेव्हा तिच्या मुलाने, दीपकने, तिला बर्मिंगहॅमला नेलं. कायमचं. लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली सोडून द्यायची, कागद तिच्या सहीसाठी त्याने बरोबर आणले होते. "तिथे तुझं आता कोण आहे?" असं तो म्हणाला.

नवरा, राजाराम, गिरणीत होता. संप झाला, गिरणी गेली, पुढे तोही गेला. मालनने त्याच खोलीत खानावळ चालवली होती. चुलीवर कालवण, पाटावर दीपकचा अभ्यास.

बर्मिंगहॅमला तीन महिने ती निमूट राहिली. मग एका शनिवारी दीपक तिला उघड्या बाजारात घेऊन गेला. भाज्यांच्या गाड्यांपलीकडून ओळखीचा वास आला आणि ती दीपकचा हात सोडून सरळ चालू लागली.

टेबलावर सुक्या मासळीच्या जुड्या होत्या. मागे हिजाबातली एक म्हातारी, रोकेया. मूळची बांगलादेशातल्या सिल्हटची.

"लोइट्टा," रोकेया म्हणाली.

"कसला लोइट्टा? बोंबील हा!" मालनने एक उचलून मोडून बघितला. तो तुटला नाही, वाकला. "ये बराबर सूखा नहीं."

"आई, इथे माल असा हाताळत नाहीत," दीपक कुजबुजला.

"मोडून न बघता बोंबील घेणारी लालबागात अजून जन्माक येवची आसा."

रोकेयाने तिला नीट न्याहाळलं. मग टेबलाखालून दुसरी जुडी काढली. "ये मेरे घर के लिए रखा." हा बोंबील कडकन मोडला. दोघी हसल्या. पिशवी भरता भरता मालनने विचारलं, "वापस गांव नहीं जाती?"

"चालीस साल हुआ. घर नहीं रहा. नदी ले गई."

मालनच्या मनात आलं, हिचं घर नदीने नेलं. माझं तर उभं आहे, आणि मी स्वतःच्या हाताने सही करून देणार?

घरी आल्यावर दीपक म्हणाला, "हे घरात भाजू नकोस. शेजारी तक्रार करतील."

"ह्याच वासात बसान तू दहावीचो अभ्यास केलंस. तेव्हा नाक नव्हता तुका?"

तिने मागच्या अंगणात त्याची कोळशाची शेगडी पेटवली आणि भर दुपारी बोंबील भाजले. पलीकडची खिडकी दणकन बंद झाली. मालनने आणखी चार बोंबील निखाऱ्यांवर टाकले. सून अपेक्षा शेजारी येऊन बसली आणि लसणीच्या चटणीबरोबर दोन चुरचुरीत बोंबील खाऊन गेली. दीपक आतच राहिला.

संध्याकाळी मालनने कागद त्याच्या पुढ्यात ठेवले, सही न करता. "तिकीट काढ."

"अगं, पण तिथे तुझं कोण आहे?"

"मी आसंय."

दीपक चिडला, मग त्याने विनवण्या केल्या. तिसऱ्या दिवशी तिकीट काढलं.

लालबागला परतल्यावर ती बसून राहिली नाही. शेजारच्या अक्षदाला हाताशी घेऊन तिने लोअर परळच्या ऑफिसांतल्या सोळा जणांचे डबे सुरू केले. बुधवारी सुकी मासळी. दुसऱ्याच महिन्यात एका ऑफिसातून फोन आला. "मावशी, आमच्याकडे एसी आहे. वास कोंडतो. बुधवारी पनीर द्याल का?"

"पनीर करणाऱ्या पुष्कळ आहेत रे," मालन म्हणाली. "त्यांच्याकडे जा."

सात डबे बंद झाले. अक्षदा घाबरली. मालनने तिच्या हातात सुकटीची परात दिली आणि सांगितलं, "नऊ जणांचो स्वयंपाक नीट कर आधी. मीठ बघून टाक."