काम संपल्याचं भाषण

पुढे लोक मला वक्ता म्हणू लागले. पण माझं पहिलं भाषण माझ्या गळ्यात मारलं गेलं होतं.

साठचं दशक मध्यावर आलं होतं. तारापूरच्या बाजूला बांधकामं सुरू झाली होती, आणि जमीन सपाट करणाऱ्या एका ठेकेदार कंपनीत मी कामगार अधिकारी होतो. आमच्या वाट्याचं काम संपलं. मॅनेजर म्हणाले, "तुम्ही चांगलं बोलता. मजुरांना तुम्हीच सांगा. गडबड नको."

"यांतल्या काहींना पुढच्या कामावर घेता येईल का?"

"ते माझ्या हातात नाही. तुमच्या तर नाहीच."

दुपारी सगळ्यांना जमवलं. बहुतेक डोंगराकडच्या पाड्यांवरचे. देश उभा राहतोय, त्यात तुमचा घाम आहे, असं मी अर्धा तास बोललो. शेवटी टाळ्या पडल्या. मग त्यांचा म्हातारा मुकादम उठला.

"सायेब, बोललात ते चांगलं. पन उद्या कामाला यायचं का नाय?"

नेमकं तेवढंच माझ्याकडून सांगायचं राहिलं होतं.

"नाही, बाबा."

"परवा?"

"नाही."

त्याने मागे वळून आपल्या भाषेत दोन शब्द सांगितले. बायकांनी घमेली खाली ठेवली. कोणी भांडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांच्यासाठी मी तीन ठिकाणी पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

मॅनेजरनी मात्र माझं कौतुक चार ठिकाणी केलं. एका गिरणीतून अशाच भाषणाचं बोलावणं आलं, मग एका कारखान्यातून. दीड-दोन वर्षांत नोकरी सोडून मी कार्डावर 'सल्लागार' छापून घेतलं. मुंबईत अधिकाऱ्यांपुढे, वाईट बातमी कशी द्यावी यावर बोलू लागलो. तारापूरची हकिगत सांगायचो, पण टाळ्यांपर्यंतच.

राहायला मी अजून पालघरलाच होतो. अशाच एका भाषणाला निघालो असताना स्टेशनबाहेर मुकादम भेटला. आता तो जवळच्या वीटभट्टीवर होता.

"सुनेला ताप हाय," तो म्हणाला. "पैसं आगाऊ घेतलेलं, म्हनून शेट तिला घरी सोडत नाय. तुमी बोलाल तर ऐकंल."

मी गेलो. शेठनी खुर्ची दिली, चहा मागवला. मी जीव तोडून बोललो. आजवर कुठल्या सभागृहात तसा बोललो नव्हतो. ते शांतपणे ऐकत होते.

"हंगाम संपेपर्यंत मी कोणाला सोडत नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही बोलता फार छान. आमच्या व्यापारी मंडळात एकदा या ना."

मी आणखी एकदा विनवलं. ते उठून भट्टीकडे गेले.

बाहेर मुकादम उभाच होता. मी म्हटलं, "नाही म्हणाले." त्याने मान हलवली आणि तो मातीच्या ढिगाकडे वळला. माझ्या पिशवीत तापाच्या चार गोळ्या होत्या, त्या मी त्याच्या हातात दिल्या. दुसरं काही सुचलं नाही.

गाडीला तासभर होता. फलाटावरच्या बाकावर बसून मी भाषणाचे कागद उघडले. जाऊच नये, असं मनात आलं. गाडी आली तेव्हा मी चढलो, आणि संध्याकाळी ठरल्याप्रमाणे बोललो.